टोनी बेन यांचे उद्योगविषयक आणि आर्थिक धोरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोनी बेन कोण होते, आणि उद्योगधोरणाच्या चर्चेत त्यांचे नाव आजही का निघते?

अँथनी नील वेजवुड बेन (३ एप्रिल १९२५ – १४ मार्च २०१४) हे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते. १९५० साली ब्रिस्टल साउथ ईस्ट मतदारसंघातून ते पहिल्यांदा कॉमन्स सभेत निवडून आले आणि मधले दोन खंड सोडले तर २००१ पर्यंत खासदार राहिले. १९८४ पासून ते डर्बीशरमधील चेस्टरफील्ड या कोळसा खाणींच्या परिसरातील मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करीत होते. हॅरोल्ड विल्सन आणि जेम्स कॅलहन यांच्या मंत्रिमंडळांत त्यांनी १९६४ ते १९६६ पोस्टमास्टर जनरल, १९६६ ते १९७० तंत्रज्ञानमंत्री, १९७४-७५ मध्ये उद्योगमंत्री आणि १९७५ ते १९७९ ऊर्जामंत्री म्हणून काम केले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये जहाजबांधणी, विमाने, मोटारी, संगणक, तेल आणि अणुऊर्जा या सर्व क्षेत्रांतील सरकारी निर्णयांवर इतका प्रदीर्घ ठसा उमटवणारे मंत्री फार थोडे झाले.

त्यांना ‘राष्ट्रीयीकरणवाले’ म्हणून निकालात काढण्याची प्रथा आहे, पण ती अपुऱ्या माहितीवर आधारलेली आहे. मालकी सरकारकडे गेली म्हणजे प्रश्न सुटला, असे त्यांनी निदान १९७१ नंतर कधीच मानले नाही. हजारो लोकांचा रोजगार ज्या निर्णयावर अवलंबून असतो, तो निर्णय घेणारे नेमके कोण, त्यांना तो अधिकार कुणी दिला आणि त्याचा जाब त्यांनी कुणाला द्यायचा, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. मालक खासगी असो की सरकारी, हा प्रश्न त्यांनी दोघांनाही विचारला. त्यांच्या यशापयशाचे मोजमापही याच कसोटीवर व्हायला हवे, असे आमचे मत आहे.

त्यांना उमरावपद सोडावे लागले होते, ते प्रकरण काय होते?

वडील विल्यम वेजवुड बेन यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हायकाउंट स्टॅन्सगेट हे वंशपरंपरागत उमरावपद मिळाले होते. थोरले बंधू मायकेल १९४४ साली हवाई दलात असताना मृत्युमुखी पडल्यामुळे नोव्हेंबर १९६० मध्ये वडिलांच्या निधनानंतर हे पद आपोआप टोनी बेन यांच्याकडे आले, आणि उमरावांना कॉमन्स सभेत बसता येत नसल्यामुळे तिथले सदस्यत्व गेले. १९६१ ची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली, तरी निवडणूक न्यायालयाने ती जागा पराभूत उमेदवाराला दिली. अखेर १९६३ मध्ये उमरावपदाचा त्याग करण्याची मुभा देणारा कायदा झाला. त्याचा लाभ घेणारे ते पहिले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कॉमन्स सभेत परतले. मतदारांनी निवडलेल्या माणसाला जन्माच्या आधारे बाहेर ठेवले जाते, या अनुभवाची छाया त्यांच्या पुढील आर्थिक विचारावर स्पष्ट दिसते.

भारताशी त्यांचा काही संबंध होता का?

होता, आणि तो घरातलाच होता. त्यांचे वडील १९२९ ते १९३१ या काळात, म्हणजे मिठाचा सत्याग्रह आणि गांधी-आयर्विन करार यांच्या काळात, मजूर सरकारातील भारतमंत्री होते. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले तेव्हा सहा वर्षांच्या टोनींची त्यांच्याशी भेट झाली होती, आणि ती आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. वडिलांच्या त्याच मंत्रिमंडळाचा शेवट आर्थिक संकटात झाला. या गोष्टीचा संदर्भ १९७६ च्या प्रसंगात पुन्हा येतो.

तंत्रज्ञानमंत्री म्हणून त्यांनी काय केले?

त्याआधी टपाल खात्यात असतानाच त्यांनी पिनकोडसारख्या पोस्टकोडची योजना पुढे नेली, आणि बँकेत खाते नसलेल्या सामान्य कुटुंबांना टपाल कार्यालयातून पैशाचे व्यवहार करता यावेत म्हणून जायरो सेवेची आखणी केली; ती सेवा १९६८ साली बूटल येथून सुरू झाली. जुलै १९६६ मध्ये फ्रँक कझिन्स यांनी राजीनामा दिल्यावर तंत्रज्ञान खाते बेन यांच्याकडे आले. पुढच्या तीन वर्षांत विमान खाते आणि ऊर्जा खाते त्यात विलीन झाले आणि ते उद्योगाचे एक अवाढव्य मंत्रालय बनले.

त्या काळातील सर्वमान्य समजूत अशी होती की ब्रिटिश कंपन्या लहान आहेत, म्हणून त्या अमेरिकेपुढे टिकत नाहीत. त्यांना एकत्र आणले, संशोधनाला पैसा दिला की काम झाले. यासाठी १९६६ मध्ये उद्योग पुनर्रचना महामंडळ स्थापन झाले होते. १९६८ साली लेलँड आणि ब्रिटिश मोटर होल्डिंग्ज या मोटार कंपन्यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड उभी राहिली, त्याच वर्षी संगणक क्षेत्रात आयसीएल स्थापन झाली, आणि ग्लासगोजवळच्या क्लाइड नदीवरील पाच जहाजबांधणी गोद्या एकत्र करून अप्पर क्लाइड शिपबिल्डर्स ही कंपनी घडवण्यात आली. या तिन्ही ठिकाणी बेन यांचा सक्रिय पाठिंबा होता.

या विलीनीकरणांपैकी आयसीएलचा अपवाद वगळता बाकीची फारशी फळली नाहीत, हे मान्य करावे लागते. ब्रिटिश लेलँडमध्ये एकाच वर्गातल्या, एकमेकींशीच स्पर्धा करणाऱ्या गाड्या आणि देशभर विखुरलेले कारखाने तसेच राहिले. क्लाइडवरील गोद्यांनी तोट्यातील कंत्राटे अंगावर घेऊनच नव्या कंपनीत प्रवेश केला होता. मंत्री, बँकवाले आणि संचालक यांनी टेबलाभोवती बसून नकाशा नव्याने आखला, पण ज्यांना त्या नकाशावर राहायचे होते त्यांना कुणी विचारले नाही. हा या धोरणातील मूळ दोष होता, आणि बेन यांनी पुढे जे केले ते या दोषाची जाणीव झाल्यावरच केले.

काँकॉर्ड विमानाच्या खर्चाला ते जबाबदार होते का?

ध्वनीहून वेगवान असे हे प्रवासी विमान मिळून बांधण्याचा ब्रिटन-फ्रान्स करार नोव्हेंबर १९६२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने केला होता, आणि त्यात एका देशाला माघार घेण्याची सोयच ठेवलेली नव्हती. तेव्हाचा अंदाज १५ ते १७ कोटी पौंडांचा होता. प्रत्यक्ष विकासखर्च अब्जावर गेला. बेन यांनी प्रकल्प जोमाने चालू ठेवला, हे खरे आहे; विमान ज्या फिल्टन कारखान्यात बांधले जात होते तो ब्रिस्टललगत होता आणि त्यांचे अनेक मतदार तिथे कामाला होते, हेही खरे आहे. मार्च १९७४ मध्ये उद्योगमंत्री होताच त्यांनी या प्रकल्पाच्या खर्चाचे आणि अपेक्षित तोट्याचे आकडे संसदेपुढे ठेवले. खात्याच्या परंपरेत न बसणारी ही गोष्ट होती. मात्र आकडे उघड केल्यानंतरही त्यांनी विमान वाचवले. प्रवासी सेवेत एकूण १४ विमानेच आली, आणि ती २००३ मध्ये निवृत्त झाली. व्यापारी हिशेबाने हा निर्णय समर्थनीय ठरत नाही.

अप्पर क्लाइडच्या आंदोलनामुळे त्यांच्या विचारात काय बदल झाला?

जून १९७१ मध्ये, एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने पुढील कर्ज नाकारल्यामुळे, अप्पर क्लाइड शिपबिल्डर्सचे दिवाळे निघाले. ‘लंगड्या बदकांना’, म्हणजे तोट्यातील कंपन्यांना, पोसायचे नाही, असे या सरकारचे जाहीर धोरण होते. गोद्यांतील सुमारे साडेआठ हजार कामगारांपैकी बहुसंख्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या. त्यावर कामगार प्रतिनिधी जिमी रीड, जिमी एअरली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग काढला तो तोपर्यंतच्या ब्रिटिश कामगार चळवळीत अपरिचित होता. त्यांनी संप केला नाही आणि गोदीला टाळेही लागू दिले नाही. ज्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस मिळाली तेही रोज सकाळी ठरल्या वेळी येत, हातातले जहाज पुढे बांधत, आणि त्यांचा पगार वर्गणीतून दिला जाई. गोदीत दारू चालणार नाही, मोडतोड होणार नाही, साऱ्या जगाचे लक्ष आपल्याकडे आहे, असे रीड यांनी पहिल्याच सभेत बजावले होते. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारने माघार घेतली, गोव्हन शिपबिल्डर्ससाठी साडेतीन कोटी पौंड दिले, आणि त्याच वर्षी उद्योगांना व्यापक मदत देता येईल असा कायदाही केला.

बेन त्या वेळी विरोधी बाकांवर होते. ग्लासगोच्या मोर्चात ते कामगारांबरोबर चालले. स्वतः मंत्री असताना वरून जी कंपनी जुळवली होती, तिला खालून कामगारांनी जिवंत ठेवलेले त्यांनी पाहिले. कारखाना कसा चालतो आणि कुठे अडतो, याची सर्वांत नेमकी माहिती तिथे काम करणाऱ्यांकडे असते, आणि तरीही तिचा निर्णयात कुठेच उपयोग होत नाही, ही गोष्ट येथून पुढे त्यांच्या प्रत्येक प्रस्तावाच्या मुळाशी दिसते. १९७२ च्या कायद्याची गंमत अशी की तो हुजूर पक्षाने केला, आणि दोन वर्षांनी बेन यांनी आपले बहुतेक निर्णय त्याच कायद्याच्या अधिकाराखाली घेतले.

१९७४ च्या औद्योगिक कार्यक्रमात नेमके काय होते?

फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीसाठी मजूर पक्षाने जो जाहीरनामा काढला, त्यात सत्ता आणि संपत्ती यांचा तोल कष्टकरी कुटुंबांच्या बाजूने मुळापासून आणि परत फिरवता येणार नाही अशा रीतीने बदलण्याचे वचन होते. ते प्रत्यक्षात आणण्यासाठी दोन साधने योजली होती. राष्ट्रीय उद्यम मंडळाने नफ्यातील उत्पादक कंपन्यांमध्ये सरकारी भागभांडवल घ्यायचे, ही पहिली. तोपर्यंत सरकारच्या वाट्याला कोळसा, रेल्वे यांसारखे थकलेले उद्योगच येत असत. आता वाढणाऱ्या क्षेत्रांतही जनतेचा हिस्सा असावा, ही कल्पना होती. अर्थतज्ज्ञ स्टुअर्ट हॉलंड यांचा तिच्या मांडणीत मोठा वाटा होता.

नियोजन करार हे दुसरे साधन. मोठ्या कंपनीने आपली गुंतवणूक, रोजगार, किमती आणि निर्यात यांच्या योजना सरकार आणि कामगार संघटना या दोघांसमोर ठेवायच्या, त्यावर वाटाघाटी व्हायच्या, आणि सरकारी मदत त्या करारानुसार मिळायची. इथे पैसा दुय्यम होता आणि माहितीला महत्त्व होते. कंपनी पुढल्या वर्षी कारखाना बंद करणार आहे, हे कामगाराला दारावरच्या नोटिशीतून कळू नये, एवढी साधी अपेक्षा त्यामागे होती.

मग हा कार्यक्रम फसला का? त्याला विरोध कुणी केला?

विरोध सर्व बाजूंनी झाला, आणि त्यातला सर्वांत परिणामकारक विरोध त्यांच्याच पंतप्रधानांचा होता. देशातील मोठ्या २५ कंपन्यांत सरकारी हिस्सा घेण्याची सूचना विल्सन यांनी १९७३ मध्येच झिडकारली होती. ऑगस्ट १९७४ ची श्वेतपत्रिका विल्सन यांनी स्वतःच्या देखरेखीखाली मवाळ करून घेतली; नियोजन करार ऐच्छिक झाले. उद्योगपतींच्या संघटनेने आणि बहुतेक वृत्तपत्रांनी बेन यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. खात्याचे मुख्य सचिव सर अँटनी पार्ट यांचे आणि त्यांचे पटत नव्हते. सरकारची संसदेतील स्थितीही नाजूक होती: फेब्रुवारीत बहुमत नव्हते, ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर ते अवघ्या तीन जागांचे होते. त्यातच तेलाच्या भडकलेल्या किमतींमुळे चलनवाढ वाढत वाढत ऑगस्ट १९७५ मध्ये २७ टक्क्यांच्या घरात पोहोचली. अशा वेळी गुंतवणूकदारांना बिथरवणारा मंत्री पंतप्रधानांना नकोसा होणे स्वाभाविक होते.

निमित्त मिळाले ते युरोपीय आर्थिक समुदायाच्या सार्वमताचे. ब्रिटनने त्यात राहावे की नाही यावर जनमत घ्यावे, हा आग्रह मुळात बेन यांचाच होता, आणि बाहेर पडण्याच्या बाजूचे ते प्रमुख प्रचारक होते. ५ जून १९७५ रोजी ६७ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. पाच दिवसांनी विल्सन यांनी त्यांना उद्योग खात्यातून काढून ऊर्जा खात्यात पाठवले आणि त्यांच्या जागी एरिक व्हार्ली यांना आणले. उद्योग कायदा नोव्हेंबर १९७५ मध्ये मंजूर झाला, पण तोपर्यंत त्याचे दात काढलेले होते. खासगी कंपनीबरोबर पुढे एकच नियोजन करार झाला, तो क्रायस्लर या मोटार कंपनीशी. आणि १९७८ मध्ये या कंपनीने आपला ब्रिटिश व्यवसाय सरकारशी सल्लामसलत न करता फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला विकून टाकला. कराराची किंमत काय होती, ते यावरून कळावे.

म्हणून ‘बेन यांचा कार्यक्रम राबवून पाहिला आणि तो अपयशी ठरला’ हे विधान आम्हाला पटत नाही. राबवली गेली ती त्याची सावली. मूळ कार्यक्रम यशस्वी झाला असताच, असेही मात्र यावरून सिद्ध होत नाही.

कामगारांच्या सहकारी कारखान्यांचे काय झाले?

बेन यांच्या काळात तीन सहकारी संस्थांना सरकारी साहाय्य मिळाले. ग्लासगो येथे ‘स्कॉटिश डेली एक्सप्रेस’ची छपाई बंद झाल्यावर बेकार झालेल्या कर्मचाऱ्यांनी ५ मे १९७५ रोजी ‘स्कॉटिश डेली न्यूज’ हे स्वतःचे वृत्तपत्र काढले. ते नोव्हेंबरपर्यंतच टिकले. लिव्हरपूलजवळच्या कर्कबी येथील कारखान्याला ३९ लाख पौंडांचे अनुदान मिळाले. तिथे घर गरम ठेवणारे रेडिएटर आणि फळांचे रस अशी विजोड उत्पादने एकाच छपराखाली होत, आणि १९७९ मध्ये तो बंद पडला.

कव्हेंट्रीजवळच्या मेरिडन येथील ट्रायम्फ मोटारसायकलींच्या कारखान्याची कथा अधिक लांब आणि अधिक बोधक आहे. सप्टेंबर १९७३ मध्ये नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या कंपनीने तो बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा तिथे सुमारे १७५० कामगार होते. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, फाटकावर रात्रंदिवस पहारा बसवला आणि तयार मोटारसायकली, साचे, आराखडे यांपैकी काहीही बाहेर जाऊ दिले नाही. सुमारे दीड वर्ष हा वेढा चालला. १९७५ मध्ये सरकारने ४२ लाख पौंड कर्जाऊ आणि साडेसात लाख पौंड अनुदान म्हणून दिले, आणि सहकारी संस्थेचे उत्पादन सुरू झाले. आरंभी सर्वांना समान वेतन होते. निरनिराळ्या कामांभोवती असलेल्या जुन्या संघटनात्मक भिंती पाडून लोक गरजेनुसार एकमेकांची कामे करू लागले.

पण संस्थेच्या हाती आले होते ते नेमके काय, हे पाहिले पाहिजे. बॉनव्हिल या मोटारसायकलीचा मूळ आराखडा १९५९ चा होता, आणि होंडाने १९६९ मध्येच चार सिलिंडरची साडेसातशे सीसी गाडी बाजारात आणून स्पर्धेचे नियम बदलून टाकले होते. विक्रीचे हक्कही १९७७ पर्यंत जुन्या कंपनीकडेच राहिले, म्हणजे कामगार गाडी बनवत आणि ती विकणार मात्र दुसरेच. नवे इंजिन विकसित करण्याइतके भांडवल त्यांना कधी मिळाले नाही. एवढे असूनही हा कारखाना १९८३ पर्यंत चालला. खासगी मालकाने मोडीत काढलेला उद्योग त्यातल्या कामगारांनी आठ वर्षे चालवला, ही कामगिरी कमी लेखण्यासारखी नाही.

या मदतीला खात्यातून कडवा विरोध होता. सार्वजनिक पैशाच्या खर्चाला मुख्य सचिव व्यक्तिशः उत्तरदायी असतो. पार्ट यांनी आपली असहमती लेखी नोंदवली. त्यांच्या बाजूने पाहता ते कर्तव्यच करीत होते, कारण व्यवहार्यतेचे अहवाल खरोखरच प्रतिकूल होते. बेन यांची चूक आमच्या मते वेगळी होती: सहकाराची पहिली परीक्षा त्यांनी अशा जागी घेतली जिथे यंत्रे, आराखडे आणि बाजारपेठ ही तिन्ही आधीच हातची गेली होती. चांगल्या चालणाऱ्या एखाद्या कारखान्यात हा प्रयोग करण्याची संधी मात्र त्यांना कुणी दिली नाही.

चाकणला तयार होणाऱ्या ट्रायम्फ मोटारसायकलींचा या कारखान्याशी संबंध आहे का?

नावापुरताच आहे. मेरिडनची संस्था बंद झाल्यावर ट्रायम्फचे हक्क उद्योजक जॉन ब्लूर यांनी घेतले आणि हिंकली येथे संपूर्ण नवी कंपनी उभारली. तिच्याशी केलेल्या भागीदारीतून बजाज ऑटो पुण्याजवळच्या चाकण येथे २०२३ पासून चारशे सीसी वर्गातील ट्रायम्फ गाड्या बनवते.

लुकास योजना काय होती आणि तिच्यात बेन यांचा वाटा किती?

लुकास एरोस्पेस ही विमानांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिचे बरेच काम संरक्षण खात्यासाठी असे. नोकरकपात होणार हे दिसू लागल्यावर, तिच्या देशभरातील कारखान्यांतल्या कामगार प्रतिनिधींची संयुक्त समिती नोव्हेंबर १९७४ मध्ये बेन यांना भेटली. विमान उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणात आपलीही कंपनी घ्यावी, अशी त्यांची मागणी होती. तसे आश्वासन देणे शक्य नाही, पण कंपनीने पुढे काय बनवावे याची योजना तुम्हीच तयार करा, असे बेन यांनी त्यांना सुचवले. समितीने कारखान्यांत प्रश्नावल्या फिरवल्या, कोणती यंत्रे आणि कोणती कौशल्ये उपलब्ध आहेत याची मोजदाद केली, आणि जानेवारी १९७६ मध्ये सुमारे १५० उत्पादनांच्या कल्पना असलेली योजना प्रसिद्ध केली. कृत्रिम मूत्रपिंड यंत्रे, हीट पंप, पवनचक्क्या, बॅटरी आणि इंजिन या दोहोंवर चालणारी वाहने, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे धावणारी बस यांचा त्यात समावेश होता.

व्यवस्थापनाने ती फेटाळली, कारण उत्पादन ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे ही त्याची भूमिका होती. बेन तोपर्यंत उद्योग खात्यातून गेले होते, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी या योजनेची जबाबदारी झटकली. योजनेचे श्रेय अर्थातच कामगारांचे आणि माइक कूली यांच्यासारख्या त्यांच्या अभियंत्यांचे आहे. पण यादीतील उत्पादने आज वाचताना मन हळहळते. त्यांतली कितीतरी आता इतर देशांतून आयात होतात.

कोर्ट लाइन प्रकरणात त्यांच्यावर ठपका आला होता का?

आला होता. कोर्ट लाइन ही कंपनी जहाजबांधणीबरोबरच सुट्टीच्या सहलींचाही व्यवसाय करीत असे. तिच्या जहाजबांधणी व्यवसायाचा ताबा सरकार घेत असल्याचे जून १९७४ मध्ये जाहीर करताना, लोकांनी आरक्षित केलेल्या सुट्टीच्या सहली सुरक्षित राहतील असा समज होईल, असे निवेदन बेन यांनी केले. ऑगस्टमध्ये कंपनी बुडाली, हजारो प्रवासी परदेशात अडकले आणि अनेकांचे पैसे गेले. पुढच्या वर्षी संसदीय लोकपालांनी, सरकारला या नुकसानीच्या जबाबदारीतून पूर्ण मुक्त करता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. उत्तरदायित्वाचा आग्रह धरणाऱ्या मंत्र्याच्या कारकिर्दीतील हा उणा भाग आहे आणि तो झाकू नये.

ऊर्जामंत्री म्हणून उत्तर समुद्रातील तेलाबाबत त्यांनी काय केले?

पदभार घेतल्यावर आठवड्याभरात, १८ जून १९७५ रोजी, उत्तर समुद्रातील ब्रिटिश क्षेत्रातले पहिले तेल टेम्स नदीच्या मुखाजवळील आइल ऑफ ग्रेन येथे उतरवले गेले, तेव्हा नळाचे चाक बेन यांनीच फिरवले. त्याच वर्षीच्या कायद्याने ब्रिटिश राष्ट्रीय तेल महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ च्या आरंभी लॉर्ड कीअर्टन यांच्या अध्यक्षतेखाली त्याचे काम सुरू झाले. आधीच्या सरकारांनी तेलक्षेत्रांचे परवाने सढळ हाताने वाटून टाकले होते; ते परत घेणे शक्य नव्हते. म्हणून एकेका कंपनीशी वाटाघाटी करून ५१ टक्के तेल बाजारभावाने विकत घेण्याचा हक्क महामंडळाला मिळवून देण्यात आला.

यातून थेट नफा मिळत नव्हता, पण महामंडळाचे प्रतिनिधी तेलक्षेत्रांच्या कार्यकारी समित्यांत बसू लागले आणि साठा किती, खर्च किती, उपसा किती याची खरी माहिती सरकारला प्रथमच मिळू लागली. तेलाचे उत्पन्न उद्योगांच्या पुनर्बांधणीसाठी वेगळे राखावे, असा बेन यांचा आग्रह होता. अर्थखात्याने तो मानला नाही. नॉर्वेने १९७२ मध्ये स्टॅटऑइल आणि १९९० मध्ये तेलनिधी उभारून हीच वाट धरली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. ब्रिटनने आपली संधी घालवली, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

१९७६ च्या नाणेनिधी संकटात त्यांची भूमिका काय होती?

पौंडाचे मूल्य कोसळत असताना सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलर मागितले. तोपर्यंत निधीकडे कुणीही इतकी रक्कम मागितली नव्हती. बदल्यात सार्वजनिक खर्चात मोठी कपात मागितली गेली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळात या विषयावर अनेक बैठका झाल्या. आता पंतप्रधान असलेल्या कॅलहन यांनी प्रत्येक गटाला आपले म्हणणे पूर्ण मांडू दिले, ही त्यांची मोठी हातोटी. बेन यांनी पर्यायी आर्थिक धोरण मांडले: निवडक आयातीवर निर्बंध, भांडवलाच्या बाहेर जाण्यावर नियंत्रण, आणि त्या आडोशाने उद्योगांत सार्वजनिक गुंतवणूक. १९३१ मध्ये बेकारभत्त्यातील कपातीवरून मजूर मंत्रिमंडळ फुटले होते. त्या बैठकांची इतिवृत्ते बेन यांनी सहकाऱ्यांना वाटली. त्या मंत्रिमंडळात त्यांचे वडील होते.

सहकाऱ्यांना ते पटले नाही. आयातीवर बंधने घातली तर इतर देश उलटवार करतील आणि निर्यातीवर जगणाऱ्या देशाला ते परवडणार नाही, हा आक्षेप वजनदार होता, आणि बेन यांच्याकडे त्याचे पुरेसे समाधानकारक उत्तर नव्हते. अखेर कर्ज आणि कपात दोन्ही स्वीकारले गेले, शिवाय ब्रिटिश पेट्रोलियमचे सरकारी समभागही विकले गेले. अर्थखात्याने सरकारी कर्जाचा अंदाज फुगवून दिला होता, हे नंतर उघड झाले, आणि अर्थमंत्री डेनिस हीली यांनीही ते सांगितले. कर्जाची पूर्ण रक्कम उचलण्याची वेळच आली नाही.

१९७९ नंतर त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांचे काय झाले?

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने त्या एकेक करून विकल्या किंवा बंद केल्या. १९७७ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या ब्रिटिश एरोस्पेसचे समभाग १९८१ पासून विक्रीस निघाले. तेल महामंडळाचा उत्पादन विभाग १९८२ मध्ये ब्रिटऑइल या नावाने खासगी झाला. राष्ट्रीय उद्यम मंडळ १९८१ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन करण्यात आले. त्याच्या खात्यावर ब्रिटिश लेलँडचा आणि कव्हेंट्रीच्या अल्फ्रेड हर्बर्ट या यंत्रनिर्मात्या कंपनीचा तोटा होता, तसेच फेरांटीही होती: १९७४-७५ मध्ये बुडू लागलेली ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी सरकारी भांडवलावर सावरली, नफ्यात आली, आणि १९८० मध्ये मंडळाने तिच्यातील हिस्सा विकला. अर्धसंवाहक चिप बनवणारी इन्मॉस ही कंपनीही मंडळाच्याच पैशातून १९७८ मध्ये जन्माला आली होती; तिलाही १९८४ मध्ये विकून टाकण्यात आले.

बेन स्वतः १९८१ मध्ये पक्षाच्या उपनेतेपदाच्या निवडणुकीत हीली यांच्याकडून एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले आणि त्यानंतर पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात ते चेस्टरफील्डचे खासदार म्हणून संपकऱ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत उभे राहिले.